जामिनानंतरचं घर

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 12 नुसार विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलाला सहसा जामीन मिळतो आणि ते बहुधा आई-वडिलांच्या स्वाधीन होतं. हमीपत्रावर सही होते, पुढची तारीख मिळते. पण घरी आलेलं मूल जेवेनासं झालं, ‘जगून काय उपयोग’ म्हणू लागलं, तर काय करायचं हे पालकांना क्वचितच कोणी सांगतं. म्हणून हा अंक अशा कुटुंबांना आधार देऊ शकणाऱ्या मोबाइल अ‍ॅप्सविषयी. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून आहेच, तो सर्वांसाठी आहे. या पालकांना मात्र धोक्याची लक्षणं, कीटकनाशक नि गोळ्या कुलपात ठेवण्याची आठवण, परिवीक्षा अधिकाऱ्याचा नंबर हे सारं मराठीत, ऐकता येईल असं, एकाच जागी हवं. श्रीलंकेत घातक कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या घटल्या; साधन हाताशी नसलं की जीव वाचू शकतो.

अ‍ॅप समुपदेशकाची जागा घेणार नाही, हे खरंच. पण रात्री दोन वाजता समुपदेशक घरी नसतो. माहिती पोलिसांपर्यंत जाईल, ही भीती अधिक रास्त आहे. याच अधिनियमाचं कलम 74 मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. अ‍ॅपमधली नोंद खटल्यात वापरली जाणार नाही, ही हमीही आधी हवी. पालकांनी, परिवीक्षा अधिकाऱ्यांनी, निरीक्षणगृहातल्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला जरूर लिहावं. मुलाचं नाव-गाव मात्र लिहू नये.