आजीचा आवाज पेटीमागे हरवू नये

समजा, बडोद्यात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात आजीच्या आवाजातल्या जुन्या भूपाळ्या ध्वनिमुद्रित करून ठेवायचे ठरले. आजीचे वय ऐंशीच्या पुढे, पण सूर अजून पक्का. कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने मित्राकडून आठ ट्रॅकचा डिजिटल रेकॉर्डर आणला. पहिल्या ट्रॅकवर आजीचा आवाज, दुसऱ्यावर तानपुरा, तिसऱ्यावर मामांची पेटी, चौथ्या-पाचव्यावर तबला आणि डग्गा, सहाव्यावर टाळ आणि उरलेल्या दोन ट्रॅकवर आई व काकूची साथ. आठही ट्रॅक भरले आणि तेवढ्यात शेजारचे काका बासरी घेऊन आले!

नातवाने रात्री कानाला हेडफोन लावून आठ ट्रॅक दोन ट्रॅकमध्ये एकत्र केले आणि जागा मोकळी व्हावी म्हणून मूळचे आठही पुसून टाकले. बासरीही छान वाजली. सकाळी दिवाणखान्यातल्या स्पीकरवर गाणे लावले तेव्हा आजी म्हणाली, ‘‘अरे, मला पेटीमागे का रे दडवून ठेवलंस?’’

आता पेटी कमी करून आजीचा आवाज वर आणणे नातवाच्या हातात राहिले नव्हते. वरणात मीठ जास्त पडले की ते वेचून काढता येत नाही, तसेच हे. आजी पुन्हा गाईल, पण सूर तसाच लागेल याची खात्री कोण देणार?

एकत्र करावेच का लागते?

ट्रॅक म्हणजे ध्वनिमुद्रणातला स्वतंत्र कप्पा. एका कप्प्यात एक आवाज असला की तो इतरांना धक्का न लावता लहानमोठा करता येतो, बदलता येतो. कप्पे संपले की काही ट्रॅक एकत्र वाजवून त्यांचे मिश्रण नव्या ट्रॅकवर उतरवतात आणि जुने कप्पे मोकळे करतात. यालाच ‘बाउन्स’ म्हणतात.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडच्या बीटल्स या गायकवृंदाने १९६७ साली ‘सार्जंट पेपर्स’ ही प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा लंडनच्या अॅबी रोडवरील स्टुडिओत चारच ट्रॅकची टेपयंत्रे होती. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि त्यांचे तंत्रज्ञ चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या यंत्रावर एकदोन ट्रॅकमध्ये उतरवून घेत आणि पुढचे वादन सुरू करीत. अशा प्रत्येक नकलेबरोबर फितीची सरसर वाढत जाई.

पण त्या मंडळींनी एक शहाणपण केले. मिश्रण करण्यापूर्वीच्या मूळ फिती जपून ठेवल्या. म्हणूनच पन्नास वर्षांनी, २०१७ साली, जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन याला त्या मूळ फितींपर्यंत मागे जाऊन सगळे आवाज नव्याने जुळवता आले. वडिलांनी बांधलेली गाठ मुलाला सोडता आली, कारण सुटे धागे शिल्लक होते.

डिजिटलने काय बदलले?

१९९०च्या दशकात डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर सामान्य कलावंताच्या आवाक्यात येऊ लागले. अॅलेसिस कंपनीचे ‘एडॅट’ हे यंत्र एस-व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक नोंदवी. १९९६ साली आलेले रोलँडचे ‘व्हीएस-८८०’ हार्ड डिस्कवर चाले. त्यात एका वेळी आठ ट्रॅक वाजत, पण प्रत्येकामागे आठ, असे एकूण ६४ ‘व्हर्च्युअल’ ट्रॅक साठवता येत. जणू एका खणात आठ चोरकप्पे! मिश्रण एका कप्प्यात ठेवावे आणि मूळ आवाज दुसऱ्यात तसेच राहू द्यावेत, ही सोय त्यामुळे झाली.

डिजिटल यंत्र आवाजाचे आकडे करून ठेवते. आकड्यांची नक्कल केली तरी फितीसारखी सरसर वाढत नाही. पण यामुळेच माणूस गाफील राहतो. बाउन्स केल्याने आवाज खराब होत नाही, हे अर्धसत्य आहे. आवाजांचे एकमेकांशी असलेले प्रमाण कायमचे गोठते, ते डिजिटलमध्येही गोठतेच.

बटण दाबण्यापूर्वी

● मुख्य आवाज वेगळाच ठेवा. आधी साथ एकत्र करावी : तबला-डग्गा-टाळ यांची एक जोडी, तानपुरा-पेटीची दुसरी. पेटी गाणाऱ्याच्याच सुरांवर चालते, त्यामुळे ती जरा मोठी झाली की आवाज झाकते. आजीचा ट्रॅक कशातही मिसळू नये.

● सगळे कप्पे भरण्याची वाट पाहू नका. चोरकप्पे नसलेल्या आठ ट्रॅकच्या यंत्रावर सहा ट्रॅक भरले की थांबावे आणि सातव्या-आठव्यावर मिश्रण उतरवावे. दोन ट्रॅक लागतात ते डाव्या-उजव्या बाजूसाठी. एकाच ट्रॅकवर उतरवले तर सगळे वादक एका रांगेत, एकामागे एक उभे राहिल्यासारखे ऐकू येतात.

● काटा शून्याला भिडू देऊ नका. सारख्याच जोराची दोन वेगवेगळी वाद्ये एकत्र केली की पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते, चार केली की सुमारे ६ने. प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे ठीक असला तरी बेरीज शून्यापार जाऊ शकते. जुन्या फिती थोडा अतिरेक सोसत. डिजिटलमध्ये शून्यावरचा भाग सरळ छाटला जातो आणि कडकड ऐकू येते. ती पुढे आवाज कमी केला तरी जात नाही. म्हणून सर्वांत मोठ्या ठोक्यालाही ५-६ डेसिबल जागा मोकळी राहू द्यावी.

● रिकाम्या जागा बंद करा. काकू गात नसते तेव्हाही तिच्या माइकने पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्न टिपलेले असतात. आठ ट्रॅकची घरघर एकत्र झाली की ती जाणवते. एकत्र करण्याआधी ते भाग शांत करावेत.

● घुमारा शेवटी द्या. देवळात गायल्यासारखा घुमारा ऐकायला गोड वाटतो, पण मिश्रणात एकदा उतरला की निघत नाही.

● रात्रीचा निर्णय सकाळी तपासा. हेडफोनमध्ये डावे-उजवे आवाज सुटे ऐकू येतात. त्यातून गाण्याचे शब्द पाठ असले की ते नीट ऐकू येतात असा भास होतो. तेच मिश्रण लहानशा स्पीकरवर लावून, गाणे कधीच न ऐकलेल्या माणसाला ऐकवावे. शब्द कळले तरच पुढे जावे.

मूळ ट्रॅक म्हणजे बियाणे

जागेची सबब आता उरलेली नाही. १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या सीडीच्या दर्जाने एका ट्रॅकचा एक मिनिट सुमारे ५.३ मेगाबाइट जागा घेतो. पाच मिनिटांचे आठ ट्रॅकचे गाणे म्हणजे सुमारे २१२ मेगाबाइट. ३२ गिगाबाइटच्या एका कार्डावर अशी दीडशे गाणी मावतात. तेव्हा मूळ ट्रॅकची एक प्रत संगणकावर, दुसरी अन्यत्र ठेवावी. कोणत्या ट्रॅकवर कोण आहे आणि तारीख कोणती, हेही वहीत लिहावे.

कुणी म्हणेल, हल्ली संगणक मिसळलेले आवाज वेगळे करतो. करतो खरा. बीटल्सच्याच जॉन लेननने १९७०च्या दशकात घरी पियानोवर गायलेले ‘नाऊ अँड देन’ एका साध्या कॅसेटवर होते, गळा आणि पियानो एकत्र. त्याच्या मृत्यूनंतर, १९९५ साली, उरलेल्या तिघांनी ते पुरे करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. नव्या तंत्राने आवाज सुटा झाला आणि गाणे आले ते थेट २०२३ साली. तोवर त्या तिघांपैकी जॉर्ज हॅरिसनही उरला नव्हता. शिवाय असे उकललेले आवाज दर वेळी स्वच्छ निघतात असे नाही.

एक वेगळा ट्रॅक राखून ठेवायला एवढे कष्ट पडत नाहीत. बासरी पुढच्या रविवारीही वाजवता येईल. आजीचा त्या सकाळचा सूर मात्र त्याच सकाळचा असतो. तो सुटा राहू द्यावा. उद्या तिच्या पणतीला पेटी कमी करून तो ऐकावासा वाटला, तर तिला ऐकता यायला हवा.