फुकट व्हॅल्युएशन कुणाच्या खिशातून होतं?

घरात जुना गिटार ॲम्प्लिफायर पडून असेल आणि कुणी "आंटी, फुकटात बघून किंमत सांगतो" म्हणत दारात आलं, तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. किंमत सांगणारा आणि विकत घेणारा माणूस एकच असेल तर त्याला व्हॅल्युएशन म्हणत नाहीत. तो सौदा असतो, आणि त्यातली सगळी माहिती एकाच बाजूला असते.

महागाई, रस्ते, निवडणुका सोडून हे काय मध्येच काढलं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. धोबीतलाव, माझगाव, माहीम, वांद्रे इथल्या जुन्या इमारती एकेक करून रिडेव्हलपमेंटला जातायत. हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा ज्यांच्या जिवावर उभा राहिला त्या गोव्याच्या वादकांची घरं या भागांत होती, आहेत. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही नावं निदान आता कुठेकुठे घेतली जातात. मागच्या रांगेत बसणाऱ्यांची, हॉटेलात आणि लग्नांत वाजवणाऱ्यांची नावं कुणी घेत नाही. आयात परवान्याच्या काळात असं सामान दुकानात जाऊन सहज घेता येत नव्हतं. बोटीवर नोकरी करणारा भाऊ किंवा मेव्हणा सुट्टीला येताना घेऊन यायचा. आता घर रिकामं करायला पंधरा दिवस, मुलं कॅनडात, आणि माळ्यावर एक काळी, जड पेटी. हीच वेळ साधून ही मंडळी येतात.

माझ्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. पेटी फेंडरची होती. येणाऱ्याने दोन मिनिटं बघितली, प्लग लावायचं नाटकसुद्धा केलं नाही, आणि म्हणाला, "बंद आहे ना आंटी, मग लोखंड-तांब्याचा भाव धरू." त्या बाईंनी दिली. नवऱ्याचं सामान भंगारात जाऊ नये, कुणीतरी वापरावं, एवढंच त्यांना वाटत होतं. काही आठवड्यांनी तीच पेटी, कोपऱ्यावरच्या त्याच फाटलेल्या कापडासह, विक्रीला दिसली. "व्हिंटेज, पूर्ण ओरिजिनल, चालू स्थितीत." किंमत इथे लिहीत नाही, त्या बाईंची लेक ही पोस्ट वाचते.

सोनं मोडायला गेलं की आपण किती सावध असतो बघा. दोन सराफांकडे विचारतो, वजनकाटा समोर ठेवायला लावतो, घट किती धरली म्हणून भांडतो. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कही सक्तीचा झालाय. ॲम्पला हॉलमार्क नाही, पण त्याच्या अंगावर त्याची जन्मतारीख असते हे फार थोड्यांना माहीत आहे.

फेंडरचंच घ्या. पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याच ॲम्पच्या आत एक कागद चिकटवलेला असतो, कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो त्याचा तक्ता. त्यावर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का मिळतो. पहिलं वर्षाचं, 'ए' म्हणजे १९५१, आणि दुसरं महिन्याचं. म्हणजे 'ओ' आणि 'सी' दिसलं तर मार्च १९६५. कागद फाटला असेल तर सुट्या भागांवर कोड असतात. आवाजाच्या बटणामागच्या पोटवर ३०४ किंवा १३७ ने सुरू होणारा आकडा म्हणजे स्टॅकपोल किंवा सीटीएस कंपनी, पुढे वर्ष आणि आठवडा. ३०४-६५४२ म्हणजे १९६५ चा बेचाळिसावा आठवडा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ म्हणजे शूमाकर, स्पीकरवर २२० म्हणजे जेन्सन. ट्रान्सफॉर्मरवर वर्षाचा बऱ्याचदा एकच आकडा असतो, तेव्हा ५ म्हणजे ५५, ६५ की ७५ हे बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं. सगळे आकडे जवळपासचे निघाले तर पेटी बहुधा जशी जन्मली तशीच आहे, आणि ॲम्प सगळ्यांत नव्या भागाच्या आधीचा असू शकत नाही. एकच भाग दहा वर्षांनी पुढचा निघाला तर तो बदललाय. पुढच्या पट्टीवरचं कंपनीचं नावही बोलतं. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएसला १३० लाख डॉलरला विकली, आणि त्यानंतर पट्टीवरचं 'इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी' जाऊन 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स' आलं. व्यापाऱ्यांच्या तोंडचं 'प्री-सीबीएस' ते हेच. साठच्या दशकातल्या काळ्या पट्टीच्या डिलक्स रिव्हर्बला अमेरिकेत आज काही हजार डॉलर पडतात. लोखंड-तांब्याचा भाव म्हणे!

आता 'बंद आहे' या वाक्याबद्दल. हे वाक्य म्हणजे या धंद्याचं भांडवल आहे. व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे झिजणारे भाग आहेत, गाडीच्या टायरसारखे. वीस वर्षं पडून राहिलेल्या ॲम्पचे कपॅसिटर सुकणारच. ते बदलले म्हणून जाणकार गिऱ्हाईक किंमत पाडत नाही. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची अर्थिंगवाली लावली असेल तरी पाडत नाही, कारण जुन्या जोडणीत मेनपासून चासीपर्यंत एक कपॅसिटर असायचा. तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांत करंट. "वायर बदललीय, ओरिजिनल राहिला नाही" असं सांगून पैसे कापणारा एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो. किंमत खरी पडते ती ट्रान्सफॉर्मर बदलला, स्पीकर बदलला किंवा कोन नवा बसवला, चासीला जादा भोकं पाडली, पेटी रंगवली, अशा गोष्टींनी.

आणि कृपा करून 'चालतो का बघू' म्हणून प्लग लावू नका. अमेरिकन बाजारासाठी बनलेला ॲम्प ११७ व्होल्टचा, आपल्याकडे २३०. थेट लावलात तर फ्यूज जाईल, नशीब खराब असेल तर ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच्यासोबत किमतीचा मोठा भाग. मागे व्होल्टेजचा सिलेक्टर आहे का, काय लिहिलंय, आधी वाचा. चासीही घरी उघडू नका. प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टपर्यंत करंट साठून राहू शकतो. हे काम जुन्या रेडिओ मेकॅनिकचं. तो सिरीज बोर्ड काढतो, साठ किंवा शंभर वॉटचा पिवळा बल्ब ॲम्पच्या वाटेत लावतो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि पेटी वाचली. स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करणार नाही, कारण लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्याच्या तासाभराच्या कामाचे पैसे आपण खळखळ करत देतो, आणि दारात येणाऱ्या 'एक्स्पर्ट'ला अख्खी पेटी देऊन टाकतो.

कायदा काय करतो? काही नाही. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षं जुन्या वस्तूंना लागतो, साठ वर्षांच्या ॲम्पशी त्याला देणंघेणं नाही. कंपनी कायद्याखालचे नोंदणीकृत मूल्यांकक तीनच प्रकारचे: जमीन-इमारत, यंत्रसामग्री, शेअर-रोखे. ॲम्प बसवायचाच तर यंत्रसामग्रीत, म्हणजे घसारा धरून हिशोब शून्यावर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ विकत घेणाऱ्याला वाचवतो, विकणाऱ्याला नाही. त्यातही मोफत दिलेली सेवा 'सेवा' या व्याख्येतच येत नाही. म्हणून तर ते फुकट असतं! पैसे मोजून, पावती घेऊन, लेखी किंमत काढली तर तुम्ही ग्राहक, आणि चुकीच्या सल्ल्याबद्दल दाद मागायला निदान एक दार उघडं राहतं.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवायला हवेत. "ही पेटी घरात असेल तर तुम्ही लखपती" असल्या रील्स बघून लोक गणपती मंडळाच्या अहुजाच्या पी.ए. ॲम्पला लाखांत भाव सांगतात. अहुजा चांगलाच, पण तो भाषणाचा ॲम्प, गिटारचा नव्हे. आतमध्ये व्हॉल्व्ह आहेत म्हणजे सोनं आहे असं नाही. असल्या रील्समुळे नुकसान दुहेरी होतं. खरी वस्तू असलेला भंगाराचा भाव घेतो आणि साधी वस्तू असलेला वर्षभर गिऱ्हाईक शोधत बसतो.

सरकारकडून मला यात अपेक्षा नाही. सिने म्युझिशियन्स असोसिएशनसारख्या वादकांच्या संघटना, गोव्याच्या गावांचे मुंबईतले कूड, चर्चच्या आवारातल्या संस्था यांना मात्र हे सहज जमेल. दोन-तीन मेकॅनिक आणि एखादा जाणकार वादक यांची यादी करायची, तपासणीची ठरावीक फी लावायची. अट एकच: जो तपासेल त्याने ती वस्तू स्वतः, बायकोच्या नावाने किंवा मित्रामार्फत विकत घ्यायची नाही. या अटीला कोण कोण नकार देतं ते आपोआप दिसेल.

तोवर, तपासायला पेटी घरातून बाहेर द्यायचीच वेळ आली तर आधी मागच्या बाजूचे, स्पीकरवरच्या आकड्यांचे, प्रत्येक व्हॉल्व्हवरच्या नावाचे फोटो काढा आणि त्या यादीवर नेणाऱ्याची सही घ्या. मुलार्ड, टेलिफुंकन, आरसीएचे जुने व्हॉल्व्ह सुटेही चांगल्या भावाने जातात. 'टेस्टिंग'ला गेलेली पेटी दोन दिवसांनी परत येते, बाहेरून तशीच, आत सगळे व्हॉल्व्ह नवे. "बघा आंटी, नवीन घालून दिले, पैसे पण नाही घेतले."