प्रवासाचा दिवस आणि पाण्याची वेळ



सहलीची वार्ता निघाली की आपल्या घरांतून आणि वर्गांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो : "पोहोचावयास किती वेळ लागेल?" उत्तर जितके लहान, तितकी सहल चांगली, असा समज आता रूढ होऊन बसला आहे. प्रवासाचा दिवस म्हणजे सुटीतून वजा झालेला दिवस. तो होईल तितका आखूड करावा आणि मुक्कामावर पाऊल ठेवताच ठरलेल्या साऱ्या गोष्टी पदरात पाडून घ्याव्या, असे पुष्कळांस वाटते. मलाही तसेच वाटत असे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीतील एका प्रवासाने माझे मत पालटले. ते येथे मांडण्याचे कारण केवळ मौजेचे नाही. आपल्या इंदुरी गावाच्या एका ताज्या दुःखाशी त्याचा निकट संबंध आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आठवी-नववीची अकरा मुले, दोन पालक व मी असे चौदा जण अलिबागेस निघालो. किनाऱ्यालगतच्या एका नारळीच्या वाडीत तंबू ठोकून दोन रात्री राहावयाचे आणि पोहोचल्याबरोबर त्याच सायंकाळी कुलाब्याचा किल्ला पाहावयाचा, असा बेत होता. हा किल्ला अलिबागेच्या किनाऱ्यासमोर समुद्रातील खडकावर उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचे बांधकाम सुरू करविले व संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत ते पूर्ण झाले. भरतीच्या वेळी तो चहूकडून पाण्याने वेढलेले बेट असतो. ओहोटीच्या वेळी त्याच बेटावर पायी अथवा घोडागाडीतून जाता येते. एकाच दिवसात बेट होणारी आणि बेटपण सोडणारी ही जागा मुलांना पाहावयाची होती, आणि तंबूत निजण्याची हौस तर त्यांना कित्येक महिन्यांपासून लागली होती.

सकाळी सहाला इंदुरी सोडली. तळेगावाहून लोकल गाडीने लोणावळा, तेथून बसने घाट उतरून खोपोली, आणि पुढे पेण, वडखळ, पोयनाड या मार्गाने अलिबाग, असा आमचा रस्ता होता. थेट मोटार केली असती तर चार तास पुरे झाले असते. आम्ही खर्च वाचविण्यासाठी गाड्या बदलत गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी वाट पाहावी लागल्यामुळे पोहोचेपर्यंत दुपारचे चार वाजले. मुले कुरकुरली, मीही मनात कुरकुरलो.

आता विचार करता मला दिसते की त्या लांबलेल्या दिवसाने आम्हांस पुष्कळ काही शिकविले. तळेगावाहून लोणावळ्यास जाताना आपण इंद्रायणीच्या उगमाच्या दिशेने चढत असतो. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस उगम पावते, आपल्या इंदुरीवरून देहू-आळंदीस जाते, तुळापुरास भीमेस मिळते, आणि तिचे पाणी शेवटी पूर्वसमुद्रास पोहोचते. लोणावळ्याच्या पलीकडे घाटाची कड ओलांडली की सारे पाणी पश्चिमेस धावते. वळवणच्या तलावाचे पाणी नळांतून खाली खोपोलीस उतरते व तेथे १९१५ सालापासून वीज निर्माण होत आली आहे. काम संपलेले ते पाणी पुढे पाताळगंगेतून पश्चिमेच्या समुद्राकडे जाते. एकाच ढगातील दोन थेंब घाटमाथ्यावर कोठे पडतात, यावर त्यांचा समुद्र ठरतो. ही गोष्ट वर्गात नकाशावर मी अनेकदा सांगितली होती, परंतु बसच्या खिडकीतून ती मुलांना प्रथमच पटली.

इतिहासही याच वाटेने चालत आला आहे. इंदुरीचा किल्ला सरसेनापती खंडेराव दाभाडे यांचा, आणि कुलाबा हे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे ठाणे. एक डोंगराकडील, दुसरा दर्याकडील. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७१४ साली कान्होजींशी समेट करून त्यांस शाहू महाराजांच्या पक्षास आणले, तो तह लोणावळ्याच्या परिसरातच झाला. मावळ आणि समुद्र यांचे नाते इतके जुने असता, आपण मावळची माणसे समुद्राविषयी किती अडाणी आहोत, हे त्या सायंकाळी मला कळून आले.

चार वाजता आम्ही किनाऱ्यावर गेलो. किल्ला समोर उभा होता आणि मधे पाणी चमकत होते. मात्र ते पाणी उतरत असल्याचे स्पष्ट दिसत होते. वाळूवर ओली रेघ मागे ठेवून लाट खाली सरकत होती. एका वृद्ध घोडागाडीवाल्यास विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, आज नको. उद्या सकाळी साडेआठला या."

एका चुणचुणीत मुलाने लगेच विचारले, "सर, पाणी तर कमीच होत आहे. मग भीती कसली?" प्रश्न चुकीचा नव्हता. एक पालक म्हणाले, "एवढा पैसा आणि दिवस खर्चून आलो, तासाभराने पाणी गुडघ्याइतके होईल, चालत जाऊ." खरे सांगावयाचे तर माझे मनही त्यांच्याच बाजूस होते. परंतु त्या वृद्धाने मान हलविली. "पाणी उतरतंय खरं, पण अंधार चढतोय. पुरी ओहोटी रात्री साडेआठला. वाटेत शेवाळलेला खडक आहे. या पोरांपैकी एकाचा पाय घसरला तर अंधारात कुणाला हाक मारणार?"

मग त्याने मुलांना आपल्या वाडवडिलांचा हिशेब सांगितला. चांद्रतिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. त्या दिवशी कार्तिक शुद्ध तृतीया होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणून भरती सव्वादोनला. तीत सहा तास आणि वर थोडा वेळ मिळविला की ओहोटी, ती साडेआठच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, म्हणून भरती तीनला आणि सकाळची ओहोटी सव्वानऊला. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, त्याचे हे गणित. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते, तेव्हा पाणी फार चढते व फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा दोन्ही बेताचे. ही रीत ढोबळ आहे, आणि छापील कोष्टकात अधिक बिनचूक वेळ मिळते. परंतु ज्या दिनदर्शिकेत मी सुटीचे वार मोजले होते, तिच्यातच ही तिथीही छापलेली होती, आणि मी ती पाहिली नव्हती. बेत आखणारा मी. चूक माझी होती.

आम्ही परत फिरलो. तंबू ठोकले, दगडांच्या चुलीवर भात शिजविला. साडेआठ वाजता विजेरी घेऊन सारे पुन्हा किनाऱ्यावर गेलो. तृतीयेची कोर केव्हाच मावळली होती. समुद्र खरोखर दूर गेला होता. परंतु वाळू कोठे संपते, खडक कोठे सुरू होतो आणि पाणी कोठे साचले आहे, हे हातभर अंतरावरही दिसत नव्हते. विजेरीचा उजेड जाऊन जाऊन किती जाणार! सायंकाळी प्रश्न विचारणारा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. काही वेळाने कुंडमळ्याकडे राहणारा दुसरा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, आमच्या पुलावर पाटी होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हते."

त्याचे म्हणणे आपण सर्वांस माहीत आहे. कुंडमळ्यास इंद्रायणीने खडकांत कुंडे कोरली आहेत आणि पावसाळ्यात तेथील पाणी पाहावयास दूरदूरचे लोक येतात. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, त्या नदीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला. चार जण प्राणास मुकले व अनेक जखमी झाले. त्यापूर्वी एक वर्ष, ३० जून २०२४ रोजी, तोही रविवार, लोणावळ्यास भुशी धरणामागील ओढ्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर गेली असता चौदा विद्यार्थी समुद्रात बुडाले. ही सारी माणसे आनंदासाठी घराबाहेर पडली होती. त्यांस दोष देण्याचा अधिकार मला नाही. मजजवळ त्या वृद्धासारखा कोणी नसता, तर मीही अकरा मुलांना घेऊन त्या सायंकाळी पाण्यात उतरलो असतो.

पूल सुस्थितीत ठेवणे, धोक्याची जागा बंद करणे, पहारा ठेवणे, ही सरकारची कर्तव्ये आहेत आणि त्यांतून त्याची सुटका नाही. परंतु सर्व जबाबदारी तेथे टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. पाटी माणसास थांबवीत नाही; थांबण्याची सवय असलेला मनुष्यच पाटीने थांबतो. ही सवय कोठे लागावयाची? माझे उत्तर असे की ती प्रवासाच्या दिवशी लागावयाची. ज्या मुलाने गाडीची वाट पाहिली, घाटात नदीची दिशा ओळखली, किनाऱ्यावर येऊन "आज नाही" हे उत्तर ऐकले आणि मुकाट्याने परत फिरून चूल पेटविली, त्याच्या अंगी ती सवय मुरते. याउलट ज्या सहलीत प्रत्येक घटकेचा कार्यक्रम आधीच ठरलेला असतो आणि सायंकाळपर्यंत परतावयाचेच असते, तिच्यात पाण्याला "नाही" म्हणावयास जागाच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की आता भरतीची वेळ मोबाईलवर क्षणात कळते, मग वाट पाहण्याचे महत्त्व कशाला? मी म्हणतो, अवश्य पाहावी. परंतु वेळ कळणे निराळे आणि वेळ मानणे निराळे. कुंडमळ्याची पाटी वाचावयास कोणती विद्या लागत होती?

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील गोष्ट आपण प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकली आहे. पौल हा धंद्याने तंबू करणारा होता. बंदिवान म्हणून रोमेस नेले जात असता, क्रीट बेटाच्या बंदरात त्याने सांगितले की प्रवासाचा हंगाम टळला आहे, येथेच थांबावे. परंतु शताधिपतीने त्याच्यापेक्षा तांडेलाचे व जहाजाच्या मालकाचे अधिक ऐकले. बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते, आणि बहुतेकांचे मत पुढे जाण्याचे पडले. पुढे वादळात चौदा रात्री भरकटून जहाज माल्टा बेटापाशी फुटले. त्यावरील २७६ माणसे वाचली, ती देवाच्या कृपेने. या कथेत जाणत्या माणसाचा सल्ला आहे, गैरसोयीचा कंटाळा आहे आणि बहुमतही आहे. आमच्या त्या सायंकाळी किनाऱ्यावर हे तिन्ही हजर होते. पाण्यापुढे बहुमत चालत नाही, एवढे जरी या अध्यायातून मुलांनी घेतले तरी पुरे.

यास्तव माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पाण्याकाठची कोणतीही सहल ठरविताना आधी तिथी, भरती-ओहोटी आणि नदीचा पूर पाहावा, आणि मग सुटीचा वार. दुसरी, मुक्कामी पोहोचताच तेथील एखाद्या जाणत्यास, मग तो कोळी असो, नावाडी असो वा गाडीवान, विचारावे. आणि त्याने "नको" म्हटले की तो शब्द शेवटचा मानावा, मुख्याध्यापकांचा बेत काहीही असो. तिसरी, प्रवासाच्या दिवशी प्रवासाखेरीज दुसरे काहीही ठेवू नये. पोहोचावे, तंबू ठोकावा, जेवावे, पाणी पाहावे. उरलेला वेळ रिकामा राहू द्यावा. गरज पडल्यास थांबण्यासाठी तोच उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तो वृद्ध आमची वाट पाहात उभा होता. ओल्या वाळूवरून आम्ही किल्ल्यात गेलो. चुन्यावाचून रचलेले तटाचे प्रचंड दगड, गणपतीचे देऊळ, आणि चोहोंकडे खारे पाणी असता आत मिळणारे गोडे पाणी, सारे पाहिले. साडेदहाला किनाऱ्यावर परत आलो. मुले तासभर तेथेच बसून राहिली. बसल्या बसल्या पाणी येत गेले आणि ज्या वाटेवर आमची पावले उमटली होती ती वाट नाहीशी झाली. कोणासही काही समजावून सांगावे लागले नाही.

परतीच्या प्रवासात मुलांनी पुढील महिन्याच्या भरतीच्या वेळा पाऊणपटीने काढून ठेवल्या. इंदुरीस भरती-ओहोटी नाही. परंतु आपली इंद्रायणी आहे, आणि प्रत्येक पावसाळ्यात तिला पूर येतो. पालकांस माझी एवढीच विनंती आहे की येत्या पावसाळ्यात मूल दाराशी उभे राहून "कुंडमळ्यास जाऊ का?" असे विचारील, तेव्हा "लवकर परत ये" एवढ्यावर थांबू नये. आज नदीला पाणी किती आहे, हे त्याला विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर त्या दिवशी घरीच ठेवावे. परमेश्वर आपली सर्व मुले सुखरूप राखो.