संमतीच्या हुकमावर अपील नाही. सही आधी वाचून करा

सरकारी नोकरीचे भांडण आता गावाला नवे राहिलेले नाही. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी कामगार न्यायालयात जातो, पोलीस पाटील प्रशासकीय न्यायाधिकरणात, तर जिल्हा परिषदेचा नोकर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. सिल्लोडहून तारखांना जाऊन जाऊन माणूस थकतो. मग एक दिवस निरोप येतो, "समोरचे तयार आहेत, संमती देऊन टाका." सही होते, हुकूम निघतो. पुढे कळते की कामावर घेतले खरे, पण मागचा पगार सोडून दिला! मग अपिलाची धावाधाव. ती वरातीमागून घोडेच ठरते.

असे का, ते पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ (३) प्रमाणे पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. नोकरीच्या प्रकरणांतही तत्त्व तेच. जे स्वतः कबूल केले, त्यावर तक्रार कशी चालणार?

कोणी म्हणेल, "मी संमती दिलीच नव्हती." हे खुद्द महाराष्ट्र सरकारनेही म्हणून पाहिले आहे. माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावरील खटल्याच्या मंजुरीचा वाद होता. आपल्या वकिलाने उच्च न्यायालयात तशी कबुली दिली नव्हती, असे सरकारने दिल्लीत सांगितले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही. न्यायमूर्तींनी निकालात नोंदवले ते अखेरचे. चुकीचे नोंदले गेले असेल तर आठवण ताजी असतानाच त्याच न्यायमूर्तींकडे जा, असे बजावले. तडजोडीत फसवणूक झाली असेल, तरी दाद तडजोड नोंदवणाऱ्या न्यायालयातच मागायची, हे २००६ च्या पुष्पादेवी भगत प्रकरणात स्पष्ट झाले.

आता दुसरी बाजू. संमती दिली म्हणून कायदा वाकत नाही. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात घटनापीठाने सांगितले, की नियम डावलून झालेली नेमणूक केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून कायम होत नाही. म्हणजे मंजूर पदच नसताना सरपंचाने न्यायालयात "कायम करतो" म्हटले, तरी तो कागद टिकेलच असे नाही. उलट पद असताना वर्षानुवर्षे हंगामी ठेवले असेल, तर कामगाराचा हक्क बुडत नाही. २००९ साली एस. टी. महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले. तेव्हा आपला दावा कोणत्या बाजूचा, हे आधी तोलून पाहा.

संमती देण्यापूर्वी एवढे करा:

१) मसुदा मराठीत समजावून घ्या. मागील वेतन, सेवेचे सातत्य आणि अंमलबजावणीची तारीख या तिन्ही गोष्टी लेखी आहेत का, ते बघा.

२) "निवेदन द्यावे, त्यावर निर्णय घ्यावा" एवढाच हुकूम असेल, तर नोकरी मिळाली असे समजू नका. मिळाला तो फक्त निर्णय. तो विरोधात गेला, तर त्याविरुद्ध नव्याने दाद मागता येते.

३) ग्रामपंचायतीने मासिक सभेत ठराव करूनच वकिलाला लेखी सूचना द्यावी. सरपंच आणि ग्रामसेवकांनी परस्पर होकार भरू नये. बोजा शेवटी पंचायतीच्या तिजोरीवर, म्हणजे आपल्या घरपट्टीवर येतो.

४) हुकमाची नक्कल लगेच काढा, वाचून घ्या. चूक दिसली तर त्याच आठवड्यात, त्याच न्यायालयात अर्ज द्या. पुढच्या हंगामावर ढकलू नका.