जुनी यंत्रे आणि तालुक्याचा रुग्ण

महानगरांतील बडी रुग्णालये नवे यंत्र आले की जुने विकून टाकतात. त्याला रंग चढतो, दोन-चार सुटे भाग बदलले जातात आणि 'रिफर्बिश्ड' या भारदस्त नावाने ते गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी येऊन पोहोचते. या व्यापाराला आमचा सरसकट विरोध नाही. नीट दुरुस्त केलेले एक्स-रे यंत्र गावात असेल, तर ऊसतोड मजुराची बीडची खेप वाचते, दिवसाचा रोज बुडत नाही. विरोध आहे तो केवळ किमतीकडे पाहून होणाऱ्या खरेदीला.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन केले. मोटारीतील खोट विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. त्यामुळे चांगला माल बाजारातून हटतो आणि खोटा उरतो. मोटारीच्या बाबतीत फसतो तो निदान घेणारा तरी असतो. येथे घेणारा डॉक्टर किंवा शासन, आणि भोगणारा टेबलावर निजलेला रुग्ण. सौद्यात त्याला कोणी विचारलेलेच नसते.

शिवाय यंत्राची किंमत म्हणजे त्याचा खर्च नव्हे. एक्स-रेची नळी झिजते, सोनोग्राफीचा प्रोब बिघडतो, विजेचा दाब खालीवर झाला की आतील मंडले जळतात. कंपनीने त्या नमुन्याचे सुटे भाग बनविणे थांबविले असेल, तर स्वस्तातले यंत्र म्हणजे खोलीभर भंगार. यावर 'मग नवेच घ्या' असे म्हणून सुटकाही होत नाही. केंद्राच्या 2015 च्या देखभाल कार्यक्रमासाठी झालेल्या पाहणीत 29,115 सरकारी आरोग्यकेंद्रांतील साडेसात लाखांहून अधिक उपकरणे मोजली गेली. राज्याराज्यांत त्यांपैकी 13 ते 34 टक्के बंद होती. 2021 च्या साथीत केंद्राकडून छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) घाटी रुग्णालयाकडे 150 व्हेंटिलेटर आले. वापरात घेतलेले 113 सदोष असल्याचे उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे सांगण्यात आले. त्यांतील काही बीड जिल्ह्यालाही दिले होते. केंद्राने खापर हाताळणीवर फोडले. यंत्रे कोरी करकरीत होती!

कायद्याची स्थिती तर मौजेची आहे. पर्यावरण मंत्रालयाच्या 2016 च्या नियमांनी वापरलेली अतिदक्षता उपकरणे परदेशातून आणण्यास मनाई केली. 2023 मध्ये त्याच मंत्रालयाने काही महागड्या जुन्या यंत्रांची यादी करून वाट मोकळी केली. जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी कळविले की 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत अशा यंत्रांची तरतूदच नाही. एका खात्याच्या लेखी जो कचरा, तो दुसऱ्याच्या वहीत नाहीच; आणि त्यावर कोणा गरिबाचे निदान व्हायचे आहे.

बीड जिल्ह्याला आणखी एक धोका विसरता येणार नाही. 2011 च्या जनगणनेत येथे सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली अवघ्या 807 होत्या, राज्यात सर्वांत कमी. नोंदणी नसलेल्या केंद्रास सोनोग्राफी यंत्र विकण्यास वा भाड्याने देण्यास गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियमांनी 2003 पासून बंदी आहे. परंतु हातोहात फिरलेल्या जुन्या यंत्राचा माग ठेवणे नव्यापेक्षा कठीण. म्हणून मोडीत काढलेले प्रत्येक सोनोग्राफी यंत्र कोठे गेले, याची नोंद जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दप्तरी असलीच पाहिजे.

सार्वजनिक रुग्णालयासाठी जुने यंत्र घ्यायचेच झाले, तर ते मूळ उत्पादकाने दुरुस्त केलेले असावे. निर्मितीचे वर्ष व आजवरचा वापर निविदेत लिहिलेला असावा. सुट्या भागांची हमी वर्षांच्या आकड्यात असावी. आणि किमतीचा मोठा हिस्सा यंत्र वर्षभर चालल्यावरच चुकता व्हावा. दुरुस्तीचा अभियंता जिल्ह्यातच नेमलेला हवा, मुंबईहून येणारा नव्हे. या अटी पाळणारा विक्रेता मिळाला नाही, तर शासनाने नवे यंत्र घ्यावे आणि त्याचा पैसा अंदाजपत्रकात दाखवावा. 'तालुक्याला एवढे पुरे' हा हिशेब आम्हांला मान्य नाही.