कोड आला म्हणून सेन्सर गेला, असं कोण म्हणतं?



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, दुखणं आपलंच आहे.

मागच्या आठवड्यात टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावला निघालो आणि चढाला पिकअपनं मान टाकली. डॅशवर पिवळी लाईट, गाडी ४० च्या वर जाईना. मार्केटला पोचेपर्यंत चांगला भाव हातचा गेला. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर गाठलं. पोरानं स्कॅनर लावला, पी २४५४ कोड आला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "दादा, प्रेशर सेन्सर गेलाय, नवीन टाकू. तरी लाईट राहिली तर फिल्टर बदलावा लागंल."

म्हणलं, "मीटर लावून बघितलं का?"

"कोडच आलाय की दादा, अजून काय बघायचं?"

माझं भांडण ह्या 'अजून काय बघायचं'शी आहे.

आधी हा सेन्सर काय करतो ते बघा. ठिबकच्या फिल्टरला अलीकडं एक आणि पलीकडं एक असे दोन प्रेशर गेज असतात. दोन्हीतला फरक वाढला की आपण समजतो, फिल्टर तुंबला, बॅकवॉश मारा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाईनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आहे, त्यालाही हाच हिशोब. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन बारीक नळ्या निघतात, सेन्सर त्यांच्यातला फरक मोजून कॉम्प्युटरला सांगतो. सेन्सरला वायरी तीन: ५ व्होल्टचा सप्लाय, अर्थिंग आणि सिग्नल.

आता पी २४५४ चा अर्थ एवढाच, की सिग्नलचा व्होल्टेज पाहिजे त्यापेक्षा खाली आहे. सप्लाय तुटला तरी तो खाली येतो, सिग्नल वायर बॉडीला लागली तरी येतो, प्लगात पाणी गेलं तरी येतो, आणि सेन्सर मेला तरी येतो. चार कारणांतलं एक पकडून गिऱ्हाईकाच्या खिशात हात घालायचा, ह्याला निदान म्हणत नाहीत.

गाडी घरी आणली. गावातल्या वायरमन पोराला बोलावलं आणि ओळीनं बघितलं. इंजिन बंद, चावी ऑन. इंजिन बंद म्हणजे दोन्हीकडं दाब सारखा, फरक शून्य. तरी बऱ्याच सेन्सरचा सिग्नल शून्याला अर्ध्या व्होल्टच्या आसपास तरी असतो. आमचा जवळजवळ नव्हताच. प्लग काढून सप्लाय मोजला: ४.९८. अर्थिंग ठीक. मग चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि सिग्नल वायर ते बॉडी मीटर लावला. पीं करून ओरडला! वायर धरत मागं गेलो, तर एका पत्र्याच्या क्लिपखाली उंदरानं कुरतडलेली वायर, तांबं थेट क्लिपला टेकलेलं. दोन इंच वायर बदलली, स्लीव्ह चढवली, क्लिपपासून लांब बांधली. कोड काढला, लाईट गेली. सेन्सर तोच, फिल्टर तोच. खर्च १५० रुपये आणि एक चहा.

प्रत्येक वेळी वायरच निघंल असं नाही. कधी नळी काजळीनं तुंबते, कधी वितळते, कधी सेन्सर खरंच जातो. गेला तर बदला, पण आधी मोजून सिद्ध करा. आणि नळी सेन्सरला तशीच ठेवून कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला पडदा फाटतो.

काही जण म्हणतील, "एवढी कटकट कशाला, फिल्टरच काढून टाक." हा सल्ला देणारे गावोगाव आहेत. अहो, गेज बिघडला म्हणून ठिबकचा फिल्टर काढून फेकता का? तो काढणं बेकायदेशीर आहे, आणि ती काजळी जाते कुठं? आपल्याच पोरांच्या छातीत.

आता कृषी सल्लागार मंडळींनो, हसू नका. पान पिवळं दिसलं की 'युरिया टाका' सांगणारे आपल्यातही आहेतच. पान नत्र कमी पडल्यानं पिवळं पडतं, लोह कमी पडल्यानं पडतं, मुळाशी पाणी साचल्यानंही पडतं. पिवळं पान हा कोड आहे. माती न तपासता, मूळ न उपटता दिलेली चिठ्ठी आणि मीटर न लावता दिलेलं सेन्सरचं बिल, दोन्ही एकाच माळेचे मणी.

म्हणून इथून पुढं एक करा. पार्ट बदलायला 'हो' म्हणायच्या आधी विचारा: सप्लाय किती आला, अर्थिंग बघितलं का, सिग्नल किती? तिन्ही आकडे जॉबकार्डवर लिहून मागा. आकडे नसतील तर चावी परत घ्या आणि गाडी बाहेर काढा.

पैसे आपले आहेत. विचारायला लाजू नका.