नाट्यगृह कुणाच्या वाटेवर?

मुंबईच्या जुन्या नाट्यगृहांचा विषय निघाला की पहिले नाव येते ते रॉयल ऑपेरा हाउसचे. १९११ साली बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते झालेले उद्घाटन, झुंबरे, सोनेरी नक्षी, १९९३ मध्ये लागलेले कुलूप आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलेले दार. वास्तू देखणी, यात शंका नाही. परंतु नाट्यगृहाचा मोठेपणा झुंबरांवरून का मोजायचा?

ग्रँट रोडच्या थिएटराची हकीकत पाहा. जगन्नाथ शंकरशेठांच्या पुढाकाराने ते १८४६ साली उभे राहिले, ते इंग्रजी नाटकांसाठी. पण साहेबांच्या वस्तीला ते लांब पडले आणि आपल्या लोकांच्या वस्तीला जवळ! साहेब येईनासे झाले. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या सांगलीकर मंडळींनी तेथे मराठी नाटक केले. मुंबईत मराठी रंगभूमीला पाय रोवता आला, त्यात कलेच्या प्रेरणेइतकाच जागेच्या सोयीचाही वाटा होता. (आपण परीक्षेत लिहितो ती मात्र प्रेरणाच.)

परळचा दामोदर हॉल १९२२ चा, गिरणगावात. पाळी सुटलेला कामगार तेथे येई, तो नुसता पाहायला नव्हे, तर तोंडाला रंग लावून उभा राहायला. कोकणातून आलेल्या माणसांचे नमन तेथे झाले, कामगारांची नाटके झाली. २०२३ मध्ये हा हॉल पुनर्बांधणीसाठी बंद झाला, तेव्हा कलावंतांनी आंदोलन केले. नवी इमारत कशी असेल यापेक्षा तिचे भाडे परवडेल का, ही त्यांची चिंता मला अधिक खरी वाटते.

मित्रहो, आपणा उदगीरकरांना याचे काय, असे कुणी विचारील. आमच्या घरात नाटक पाहिलेला माणूस नाही. वडिलांनी माळेगावच्या यात्रेत कनातीतला तमाशा पाहिला आहे. त्यांना अक्षर येत नाही, पण त्या वगातले सवाल-जवाब अजून तोंडपाठ आहेत. असा प्रेक्षक गालिच्याच्या दारातून आत जाणार नाही. चपला कुठे काढायच्या, इथूनच तो बिचकेल.

एप्रिल २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी भरले. पंचक्रोशीतली माणसे आली, ती मांडव होता म्हणून. मांडवाला दार नसते. आपल्याकडे नाट्यगृहाची चर्चा होते ती खुर्च्यांची आणि थंड हवेची. मी म्हणतो, ते बसस्थानकापासून चालत जाता येईल इतके जवळ असावे, प्रयोग शेवटच्या एस.टी.च्या आत सुटावा आणि एका दिवसाचे भाडे खेड्यातल्या भजनी मंडळालाही वर्गणी काढून भरता यावे. झुंबर नंतर लावू.